रोझ नाही, मग बॉल कुणाकडे?

तुमच्या कॉलेजच्या टीममध्ये ‘तो’ असतोच. किंवा ‘ती’. शेवटची दोन मिनिटं उरलीत, स्कोअर बरोबरीत आहे, की बाकीच्या चौघांची नजर आपोआप त्याच्याकडे वळते. बॉल त्याला द्यायचा आणि बाजूला व्हायचं. कोच तेच सांगतात, कोर्टबाहेर उभे असलेले आपणही तेच ओरडतो. सगळं वर्ष असं मस्त चालतं. आणि मग इंटरकॉलेजिएटच्या सेमी फायनलला चार दिवस असताना तो प्रॅक्टिसमध्ये उडी मारतो, खाली येताना गुडघा धरून बसतो, आणि ग्राउंडवर एकदम शांतता पसरते.

मग कुणीतरी म्हणतं, ‘आता त्याच्यासाठी जिंकायचं!’ सगळे हातावर हात ठेवून ओरडतात. सिनेमात इथून गाणं सुरू होतं. कोर्टवर मात्र पहिल्याच मिनिटाला अगदी साधा प्रश्न उभा राहतो. आता बॉल कुणाकडे द्यायचा?

या प्रश्नाने एनबीएमधल्या एका मोठ्या टीमला दोन वर्षं छळलं. ती टीम म्हणजे शिकागो बुल्स. मायकल जॉर्डनची नव्हे, त्यानंतरची, डेरिक रोझची. ही गोष्ट मला आवडते, कारण तिच्यात एकच टीम एकाच संकटात एकदा साफ कोलमडते आणि एकदा उभी राहते. आणि उभं राहण्याची किंमत किती असते, तेही दाखवते.

घरचा मुलगा

रोझ शिकागोचाच. शहराच्या दक्षिणेकडच्या एंगलवूड भागात वाढलेला, तिथल्याच सिमियन हायस्कूलकडून खेळलेला. एनबीएमध्ये नवीन खेळाडू कोणत्या टीमने आधी निवडायचा हे ठरवायला लॉटरी काढतात. २००८मध्ये त्या लॉटरीत बुल्सचा पहिला नंबर लागण्याची शक्यता होती फक्त १.७ टक्के. तो लागला, आणि त्यांनी आपल्याच गावच्या पोराला उचललं. २०१०-११च्या सीझनमध्ये बुल्सनी ८२ पैकी ६२ सामने जिंकले आणि रोझ एमव्हीपी ठरला. वय २२. इतक्या लहान वयात हा मान त्याच्याआधी कुणालाच मिळाला नव्हता. (मी आत्ता २२ वर्षांची आहे. माझी या वयातली सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे तुम्ही वाचताय ते हे पान. असो.)

त्याचा खेळ कसा होता हे थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रोझ पॉइंट गार्ड. म्हणजे बॉल घेऊन पुढे येणारा, आक्रमण सुरू करणारा. एखादा उंच सहकारी येऊन त्याच्या बचावपटूची वाट अडवायचा, आणि रोझ त्या सहकाऱ्याच्या खांद्याला घासून आत घुसायचा. इतक्या वेगाने, की दोन-तीन जणांना सगळं सोडून त्याच्यावर धावून जावं लागायचं. ते धावले, की दुसरा कुणीतरी मोकळा राहायचा. एकतर रोझ स्वतः बास्केट करायचा, नाहीतर त्या मोकळ्या माणसाला बॉल द्यायचा. त्यामुळे स्कोअरशीटवर दुसऱ्यांच्या नावापुढे लिहिलेले कितीतरी गुण खरं तर रोझनेच तयार केलेले असायचे. स्टार खेळाडू बाहेर गेला की आपण त्याचे २०-२५ गुण मोजतो आणि ‘एवढे तर बाकीचे मिळून काढतील’ असं म्हणतो. हिशेब इथेच चुकतो.

पुढचा सीझन विचित्र होता. मालक आणि खेळाडूंच्या वादामुळे लॉकआउट झाला, सीझन थेट ख्रिसमसला सुरू झाला आणि ८२ऐवजी ६६ सामने ठरले. कमी दिवसांत जास्त सामने, विश्रांती जवळपास नाही. रोझचं शरीर कुरकुरायला लागलं. आधी पायाचा अंगठा, मग पाठ, जांघ, घोटा, पाऊल. अशी एकामागून एक दुखणी होऊन तो २७ सामन्यांना मुकला. तरी बुल्सनी त्या २७ पैकी १८ सामने जिंकले! एकूण ५० विजय, १६ पराभव, ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये पहिला नंबर. कोच टॉम थिबोडो पत्रकारांना सतत एकच सांगायचे, की जो उपलब्ध आहे त्याच्यासह आपल्याकडे जिंकण्यापुरतं नक्की आहे. आकडे त्यांच्या बाजूने होते.

जेमतेम दीड मिनिट

२८ एप्रिल २०१२, शनिवार. शिकागोत दुपार होती, आपल्याकडे रात्र. प्लेऑफ्सचा पहिला सामना. समोर फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स, कसाबसा आठव्या नंबरावर आलेला संघ. रोझच्या नावावर २३ गुण, ९ रिबाउंड, ९ असिस्ट. बुल्स १२ गुणांनी पुढे. घड्याळात जेमतेम दीड मिनिट शिल्लक. रोझ नेहमीसारखा आत घुसला, दोन्ही पायांवर थांबला, उडी घेतली, हवेतच बॉल पास केला आणि डावा गुडघा धरून खाली कोसळला. कुणाचा धक्का नाही, काही नाही.

गुडघ्यातला एसीएल फाटला होता. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना सांध्याच्या आतून बांधणारा हा एक पट्टा. नडगी पुढे सरकू नये आणि वळताना गुडघा निसटू नये, हे त्याचं काम. बास्केटबॉलमध्ये तो बरेचदा असाच फाटतो, टक्कर होऊन नव्हे, तर थांबताना, वळताना, उडीवरून उतरताना. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त आहे, तेव्हा मुलींनो, वॉर्म-अप आणि पायांचे व्यायाम टाळत जाऊ नका. एसीएल पूर्ण फाटला की तो आपला आपण जुळत नाही. शरीरातलाच दुसरा स्नायुबंध काढून त्याच्या जागी बसवतात, आणि मग सुरू होतात महिने. सहा, नऊ, कधी बारा. विश्वास बसणार नाही, पण त्याच दिवशी न्यूयॉर्क निक्सच्या इमान शंपर्टचाही एसीएल फाटला.

सामना बुल्सनी जिंकला, १०३-९१. आणि लगेच वाद पेटला. १२ गुणांची आघाडी असताना रोझ कोर्टवर होताच कशाला? थिबोडोंचं म्हणणं होतं की आमची टीम सामने नीट संपवत नव्हती, ती सवय रोझला आणि टीमला लागायला हवी होती. या वादावर अजूनही लोक भांडतात. मला त्यात फार रस नाही. त्याला बाहेर बसवलं असतं आणि आघाडी हातची गेली असती, तर त्याच लोकांनी कोचला उलटं टांगलं असतं. शिवाय ज्या हालचालीत गुडघा गेला ती हालचाल तो एका सामन्यात वीसदा करायचा.

आधीचे १८ विजय कामाला का आले नाहीत?

दुसऱ्या सामन्याआधी सामन्याचा बॉल घेऊन कोर्टच्या मध्यभागी कोण आलं असेल? रोझ. लंगडत. सगळं युनायटेड सेंटर उभं राहिलं. किती भारी क्षण असेल तो! अर्ध्या वेळेपर्यंत बुल्स पुढेही होते. मग तिसऱ्या क्वार्टरमध्ये फिलाडेल्फियाने ३६ गुण केले आणि बुल्सनी १४. सामना गेला, १०९-९२.

भावना एका क्वार्टरला पुरते, फार तर दोन. त्यानंतर बॉल कुणाकडे, हा प्रश्न येतोच.

आता तुम्ही म्हणाल, रोझशिवाय १८ सामने जिंकलेली टीम ही, हिला याची सवय नव्हती का? होती. पण ती सवय वेगळ्या गोष्टीची होती. लीगमध्ये रोज नवा संघ समोर येतो. तुमच्यातली एखादी फट त्याला दिसेपर्यंत सामना संपलेला असतो आणि तुम्ही पुढच्या गावाला निघालेले असता. प्लेऑफ्समध्ये तोच संघ दोन आठवडे तुमच्यासमोर असतो. तो तुमचे व्हिडिओ बघतो, तुमच्या पर्यायी पॉइंट गार्डला कोणत्या बाजूने जायला आवडत नाही ते शोधून काढतो, आणि मग त्याला त्याच बाजूला ढकलत राहतो. आणि दुसरं कारण, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या २७ सामन्यांत रोझ ‘परत येणार’ होता. पुढच्या आठवड्यात, फार तर त्याच्या पुढच्या. मालक बाहेरगावी गेल्यावर दुकान सांभाळणं वेगळं आणि दुकान आपल्या अंगावर पडणं वेगळं.

त्यात तिसऱ्या सामन्यात सेंटर जोआकिम नोआचा घोटा मुरगळला आणि तोही बाहेर गेला. तिसरा सामना गेला, चौथा गेला. पाचवा बुल्सनी जिवावर उदार होऊन जिंकला, ७७-६९. स्कोअरवरूनच कळतं, किती ओढाताण झाली असेल. आणि मग १० मे, फिलाडेल्फियात सहावा सामना.

शेवटची काही सेकंद. बुल्स ७८-७७ने पुढे. बॉल सी. जे. वॉटसनकडे, म्हणजे रोझच्या जागी खेळणाऱ्या पॉइंट गार्डकडे. फिलाडेल्फियाला फाउल करण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. वॉटसन चांगला फ्री थ्रो घेणारा. त्याने बॉल धरून ठेवला असता आणि स्वतःवर फाउल होऊ दिला असता तरी चाललं असतं. पण तो पळत पुढे गेला, समोर नोआच्या जागी खेळणारा सात फुटी ओमेर आशिक मोकळा दिसला, आणि वॉटसनने बॉल त्याला दिला. फाउल आशिकवर झाला. त्या सीझनमध्ये आशिकचे निम्म्यापेक्षा जास्त फ्री थ्रो वाया गेले होते. सात सेकंद बाकी. पहिला चुकला. दुसराही चुकला. आंद्रे इग्वादालाने रिबाउंड घेतला, कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला आणि आशिकनेच त्याला फाउल केला. इग्वादालाने दोन्ही फ्री थ्रो घातले. ७९-७८. खेळ खल्लास. पहिल्या नंबरची टीम आठव्या नंबरकडून हरण्याची एनबीएच्या इतिहासातली ही फक्त पाचवी वेळ.

यूट्यूबवर हा तुकडा मी बऱ्याच वेळा बघितला. सगळे आशिकला शिव्या घालतात. पण तुम्ही वॉटसनकडे बघा. तो वाईट खेळाडू नव्हता, घाबरटही नव्हता. मोकळ्या माणसाला पास दिला, एरवी प्रत्येक कोच हेच शिकवतो. फक्त त्या क्षणी ‘हा बॉल आता माझा आहे, मी सोडणार नाही’ हे त्याच्या अंगात नव्हतं. असणार कसं? दोन वर्षं टीमने त्याला हेच शिकवलं होतं, की शेवटचा बॉल तुझा नाही. स्टारवर चालणाऱ्या टीममध्ये बाकीचे खेळाडू कच्चे राहतात असं नाही. निर्णय घेण्याचा सराव त्यांना कधी मिळतच नाही.

वाट न बघणारी टीम

मे महिन्यात रोझच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. उन्हाळ्यात टीमची अर्धी बेंच विखुरली. आशिक ह्यूस्टनला गेला, वॉटसन ब्रुकलिन नेट्सकडे. हे लक्षात ठेवा. बदल्यात आले कर्क हाइनरिक, इटलीचा मार्को बेलिनेली आणि एका वर्षाच्या करारावर नेट रॉबिन्सन. रॉबिन्सनची उंची पाच फूट नऊ इंच. आपल्याकडे लोकल ट्रेनच्या दारात असे पन्नास जण उभे असतात. हा मात्र एनबीएची डंक स्पर्धा तीन वेळा जिंकलेला.

या वेळी रोझ कधी येईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं, त्यामुळे दुकान खरंच अंगावर पडलं होतं. आणि थिबोडोंनी एक गोष्ट बदलली. रोझची नक्कल करू शकेल असा माणूस शोधण्याऐवजी त्यांनी बॉल बराचसा नोआच्या हातात दिला. नोआ सहा फूट अकरा इंचांचा सेंटर. या जागेच्या माणसाचं काम सहसा रिबाउंड आणि बास्केटखालची मारामारी. पण नोआला पास फार छान दिसायचे. तो फ्री थ्रो लाइनच्या आसपास बॉल घेऊन उभा राहायचा आणि बाकीचे चौघे त्याच्याभोवती धावत, एकमेकांना अडसर देत मोकळे व्हायचे. दिसायला हे रोझसारखं अजिबात नव्हतं. गुणही कमी व्हायचे. पण पाचही जणांना विचार करावा लागायचा.

२७ मार्च २०१३ला लेब्रॉन जेम्सचा मायामी हीट सलग २७ सामने जिंकून शिकागोत आला. त्या रात्री बुल्सकडे रोझ नव्हताच, पण नोआ, बेलिनेली आणि रिचर्ड हॅमिल्टन हेही नव्हते. बुल्सनी ती मालिका मोडली, १०१-९७.

प्लेऑफ्समध्ये समोर ब्रुकलिन. चौथा सामना, २७ एप्रिल, म्हणजे रोझ कोसळला त्याला बरोबर एक वर्ष व्हायला एक दिवस कमी. चौथ्या क्वार्टरमध्ये तीन मिनिटांच्या आसपास बाकी असताना बुल्स १४ गुणांनी मागे होते. त्याच वेळी ब्रुकलिनचा एक खेळाडू मोकळा सुटला, डंक मारायला गेला आणि चुकला. कोण होता तो? सी. जे. वॉटसन. (ही स्क्रिप्ट मी लिहिली असती तर आमच्या सरांनी ‘फार फिल्मी आहे’ म्हणून परत दिली असती.) मग रॉबिन्सन सुटला. एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये २३ गुण. जॉर्डनने प्लेऑफ्सच्या एका क्वार्टरमध्ये केलेल्या विक्रमापेक्षा फक्त एक कमी. एक नाही, दोन नाही, तीन ओव्हरटाइम झाले आणि बुल्स जिंकले, १४२-१३४.

गेल्या वर्षीच्या टीमने अशा वेळी बॉल कुणाला तरी देऊन टाकला असता. या पाच फूट नऊ इंचवाल्याने तो मागून घेतला. चुकीचे शॉट्स पण घेतले त्याने, बरेच घेतले. चालायचं.

बिल कुणाच्या नावावर?

आता या गोष्टीचा तो भाग, जो ‘नेव्हर गिव्ह अप’वाल्या रील्समध्ये येत नाही.

त्या चौथ्या सामन्यात हाइनरिक जवळपास ६० मिनिटं खेळला. सामना असतो ४८ मिनिटांचा. त्याची पोटरी दुखावली आणि तो त्या प्लेऑफ्समध्ये पुन्हा उतरलाच नाही. लुओल डेंग इतका आजारी पडला, की मेनिन्जायटिसच्या शंकेने त्याच्या मणक्यातलं पाणी काढून तपासावं लागलं, आणि त्या तपासणीचाच त्रास होऊन तो अंथरुणाला खिळला. रॉबिन्सनला सहाव्या सामन्यात ताप आणि पोटाचा त्रास होता. बेंचवर उलटी करायची आणि परत कोर्टवर जायचं, असं त्याचं चाललं होतं. नोआच्या टाचेखाली सूज होती, प्रत्येक पाऊल दुखत होतं. दुसऱ्याच वर्षाला असलेला जिमी बटलर ४८च्या ४८ मिनिटं खेळत होता, कारण त्याच्या जागी पाठवायला माणूस नव्हता.

अशा अवस्थेत ४ मे रोजी ब्रुकलिनमध्ये सातवा सामना झाला. बुल्सनी परक्या कोर्टवर सातवा सामना तोपर्यंत कधी जिंकला नव्हता. नोआ: २४ गुण, १४ रिबाउंड, ६ ब्लॉक. बेलिनेली: २४ गुण. बुल्स ९९, ब्रुकलिन ९३. दोन दिवसांनी मायामीत जाऊन पहिला सामनाही जिंकून आले. नंतरचे चार हरले. तिथे शरीरं संपली होती, आणि समोर लेब्रॉन होता.

आणि रोझ? तो बेंचच्या टोकाला सुटाबुटात बसलेला होता. मार्चमध्ये बातम्या आल्या होत्या की डॉक्टरांनी त्याला खेळायला परवानगी दिली आहे. प्रॅक्टिसमध्ये तो पूर्ण ताकदीने खेळतही होता. पण सामन्यात डाव्या पायावर उडी घेताना मनात शंका येत असेल, तर तो उतरणार नव्हता. शिकागोत लोक चिडले. एकजण उलट्या करत खेळतोय, दुसरा लंगडत खेळतोय, आणि हा सूट घालून टाळ्या वाजवतोय? वर्षापूर्वी ज्याच्यासाठी सगळं स्टेडियम उभं राहिलं होतं, त्याच्यावर तेच लोक ‘मऊ’ असल्याचा शिक्का मारायला लागले.

तुम्ही त्या जागी असता तर? खरं सांगा. प्रॅक्टिसला ग्रुपमधली सगळी पोरं घाम गाळतायत, मॅच दोन दिवसांवर आहे, फिजिओने ‘हरकत नाही’ म्हटलंय, आणि तुम्हाला आतून माहीत आहे की गुडघा अजून ‘आपला’ झालेला नाही. ‘टीमसाठी एवढं नाही करणार?’ हा प्रश्न कुणी तोंडाने विचारतही नाही, नुसता ड्रेसिंग रूममध्ये तरंगत असतो. मला वाटतं, रोझ बरोबर होता. फाटलेल्या एसीएलबद्दल डॉक्टरला जे कळतं ते गुडघ्याबद्दल असतं, भीतीबद्दल नसतं. आणि हेही खरं, की तो बसला म्हणून इतरांच्या अंगावर जास्त भार पडला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्या टीमला दोन्ही घेऊन एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसावं लागत होतं. नोआने मात्र त्याच्याकडे कधी पाठ फिरवली नाही.

पुढचं भराभर सांगते, कारण ते सांगताना जीव रमत नाही. रोझ २०१३च्या ऑक्टोबरात परतला. दहा सामने खेळला. २२ नोव्हेंबरला पोर्टलंडमध्ये उजव्या गुडघ्याची गादी फाटली, पुन्हा सीझन संपला. जानेवारीत डेंगला दुसऱ्या टीमकडे पाठवलं. नोआने उरलेली टीम ओढली, वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला, एमव्हीपीच्या मतदानात चौथा आला. त्यानंतर त्याच्याही गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तसा सीझन त्याला पुन्हा मिळाला नाही. रॉबिन्सन डेन्व्हरला गेला, तिथे त्याचाही एसीएल फाटला. ‘एक गेला तर पुढचा उभा राहील’ हे वाक्य लॉकर रूममध्ये ऐकायला जबरदस्त वाटतं. त्या ‘पुढच्या’चे पण दोनच गुडघे असतात.

बटलरचं मात्र नशीब आणि शरीर दोन्ही टिकलं. २०१२मध्ये बेंचवर बसणारा हा पोरगा पुढे ऑलस्टार झाला आणि मायामीला दोनदा फायनलपर्यंत घेऊन गेला. रोझ धडधाकट राहिला असता तर त्याला ती ४८ मिनिटं कधी मिळाली असती, कोण जाणे.

अजून एक रात्र

रोझ २०१६मध्ये शिकागोतून बाहेर पडला. न्यूयॉर्क, क्लीव्हलंड असं फिरत राहिला. २०१८च्या फेब्रुवारीत त्याला युटा जॅझकडे पाठवलं आणि युटाने एकही सामना न खेळवता त्याला सोडून दिलं. मार्चमध्ये मिनेसोटाने घेतलं. तिथले कोच होते टॉम थिबोडो. रोझ आता बेंचवरून येणारा खेळाडू होता, म्हणजे २०१२मधला वॉटसनच म्हणा ना.

३१ ऑक्टोबर २०१८. समोर युटा. मिनेसोटाचा नेहमीचा पॉइंट गार्ड जेफ टीग दुखापतीमुळे बाहेर. जिमी बटलरही, हो, तोच, त्या रात्री खेळत नव्हता. थिबोडोंनी टीगच्या जागी रोझला सुरुवातीपासून उतरवलं.

त्याने ५० गुण केले. एमव्हीपी होता तेव्हाही एका सामन्यात इतके कधी केले नव्हते. शेवटच्या सेकंदांत मिनेसोटा तीन गुणांनी पुढे, युटाच्या डान्टे एक्समने बरोबरीसाठी लांबून शॉट घेतला आणि रोझने उडी मारून तो ब्लॉक केला. १२८-१२५. सगळी टीम त्याच्या अंगावर धावली, आणि तो जर्सीने डोळे पुसत राहिला.